टिंब

मिरज जंक्शनात आगीच्या बादल्या बेचाळीस.
त्यांच्यावर अक्षरं काढायची नोकरी दस्तगीर नदाफांची,
रंगाचा डबा धरायची माझी.

पोपडा उडाला की तळातून दिसायचं
इंग्रजी एम.एस.एम.,
कंपनी मद्रासची, नावात मराठे.
साहेब गेला, तेव्हा चाचांच्या वडिलांनी
त्यावर लिहिलं: द.रे.

मग सिकंदराबादचा कागद आला.
चाचांनी मध्ये म कोंबला,
तिघांच्या बाकावर चौथा बसतो
तसा, अंग चोरून.
द.म.रे.
हमाल मोठ्यानं वाचायचे, "दम रे!"
आणि खरंच ओझं टेकवायचे.

पुढं कागद मुंबईचा.
स्टोअरचे हेरवाडेबाबू म्हणाले,
नवं काही नको, द तेवढा पुसा.
चाचा पहिल्या बादलीपुढं उकिडवे बसले.
"उरतं काय? वाच."
मी वाचलं. फिसकन हसलो.
ते नाही हसले.
म्हणाले, स्टेशनात असलं लिहू नये,
माणसं दवाखान्याला आलेली असतात.

म आणि रे यांच्यात टिंब होतंच.
ते त्यांनी वाढवलं, अजून वाढवलं,
लिंबाएवढं केलं.
बेचाळीस वेळा.
बाबूंनी जादा रंगाचा खुलासा मागितला.
चाचांनी दिला नाही.

परवा उतरलो तर भिंतीला सिलिंडर,
त्यांवर छापील स्टिकर.
पार्सल ऑफिसमागं एक बादली सापडली,
कुणी कोरफड लावलीय तिच्यात.
द नाही, म नाही, रे नाही.
टिंब आहे.