अंमळ उशिरा

टोलिडो गावात, मॉमी नदीच्या पूर्वेला
साबादोश आणि मुलगा, वाद्यदुरुस्ती.
मुलगा म्हणजे मी. वय अठ्ठ्याहत्तर.
दर ऑक्टोबरात, घराघरांत हीटर लागले,
लाकडं तडकू लागली, की माझ्याकडे येतो
अँब्रोज टिलरीचा बेस.

माणसाहून उंच. दोघांनी उचलायचा,
दारातून काढताना पाय आधी,
प्रेत काढतात तसा.
डाव्या बरगडीला ठिगळ आहे, माझ्याच हातचं:
सत्तरच्या हिवाळ्यात टिलरी बर्फावर घसरला
आणि नेमका याच्यावर पडला.
"माझी बरगडी मोडती तर डॉक्टरनं दुप्पट घेतले असते,"
नोटा मोजताना म्हणाला.

रात्रपाळी काचेच्या कारखान्यात.
दिवसा धुना लिहायचा, पेन्सिलीनं,
पगाराच्या पाकिटांमागे.
पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांची किणकिण
त्याच्या धुनांत आहे म्हणतात.
असेल. मला बाटल्यांतलं कळत नाही.

मला करंगळी ठाऊक आहे.
डावी. अठ्ठावन्न साली काचेनं अर्धी नेली.
पट्टी बांधलेल्या हातानं तो बेस विकायला आला,
मी बारा वर्षांचा, वार्निश ढवळत होतो,
आणि माझा बाप, दुकानाचा एकुलता मालक,
त्याला म्हणाला: मालक बाहेरगावी गेलेत,
पंधरा दिवसांनी ये.

तो आला नाही. वाजवू लागला.
चौथा सूर गाठायला आता
अख्खा हात खाली सरकवावा लागे,
आणि तेवढा वेळ ठोका
वळणावर उभा राही,
चपलेचा अंगठा तुटून मागे पडलेल्या
सोबत्यासाठी थांबावं तसा.

एवढंच. पुढचं लोकांनी केलं.
ड्रमवाले थांबायला शिकले.
चर्चच्या तळघरात त्यानं शिकवलेली पोरं
दहाच्या दहा बोटं शाबूत असून उशिरा येऊ लागली.
त्यांची पोरं क्लीव्हलंडला गेली, एक तर ऑस्लोला,
तिथं बर्फात, परक्या भाषेत,
चौथा ठोका अंमळ उशिरा.

एक प्राध्यापक आले होते.
सेकंदाचे बारीक तुकडे करून
त्यांनी त्या उशिराचा आलेख काढला होता.
छान होता आलेख. मी कॉफी पाजली.
करंगळीचं बोललो नाही.

टिलरीला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
काल व्हर्लीन मोझबी आली, सतराची,
बेस न्यायला. बस सुटायला वेळ होता.
मानेच्या पाठीला
त्याच्या अंगठ्यानं झिजून पडलेला खळगा आहे.
भरून देऊ का, मी विचारलं.
तिनं आपला अंगठा ठेवून पाहिला. नको म्हणाली.

मग वाजवलं. एक, दोन, तीन
खिडकीची तावदानं खर्जानं थरथरली,
आणि मी, ज्याला सगळं ठाऊक आहे,
तोही श्वास धरून बसलो.

"इथं मला उशीर होतो का?"
होतो, म्हटलं. होऊ दे.

तिनं पायाकडून धरला, मी मानेकडून.
मी उलटा चालत दाराबाहेर पडलो;
बाहेर मान आधी आली.