आठ फुटांची खूण

फ्रेस्नोत त्या जुलैत पारा एकशे नऊवर जाऊन बसला,
उठायचं नाव नाही.
पाणीकपातीचं तिसरं वर्ष.
मलबेरी रस्त्यावरचा पोहण्याचा तलाव
बंद करायच्या कागदावर सही माझी होती.
छोटीशी. निळ्या शाईची.
दीड लाख गॅलन वाचले, असं मी अहवालात लिहिलं
आणि ते खरंही होतं.

अराक्सी बेद्रोसियान तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती.
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तीस वर्षं
पहाटे सहाला त्या तलावात वीस फेऱ्या,
आणि उरलेला दिवस पोरांना चेलो शिकवण्यात.
दुकानात भेटली की माझ्याकडे बघायची
गळक्या नळाकडे बघावं तशी.

मग कचेरीत तिचा अर्ज आला:
तलाव एका संध्याकाळपुरता हवाय.
पाणी नको. नुसता तलाव.

मंजूर करण्याजोगं कलम सापडेना,
नामंजूर करण्याजोगंही.
मी पुन्हा सही केली.

चौघं उथळ बाजूनं उतरली, वाद्यं पोटाशी धरून,
उतार उतरत थेट खोलात,
भिंतीवर आठ फुटांची खूण आहे तिथे
चार घडीच्या खुर्च्या मांडून बसली.
आम्ही काठावर, पाय सोडून.
फरशी अजून तव्यासारखी. निळ्या रंगाचे पोपडे निघालेले,
तळाच्या जाळीत बदामबागांतून उडत आलेला पाला.
माझ्या शेजारी पाओ व्हांग, वय नऊ,
पोहायचा चष्मा लावून आलेला.
कुणीतरी म्हणालं, अरे, पाणी नाहीये.
तो म्हणाला, माहितेय.

पहिला सूर तिचा. एकटा, खालचा,
बऱ्याच दिवसांनी नळ सोडल्यावर
पाइपात आधी हवा कण्हते, तसा.
मग व्हायोला, पातळ,
तिरप्या तळावरून खोल कोपरा शोधत गेलेली.
पाण्याचं असंच असतं, मला विचारा.
ते आधी सगळ्यात खाली जातं
आणि घाई करत नाही.
दोन्ही व्हायोलिनं आली तोवर
तीन फूट भरलं होतं.

अकोल्याला आमच्या भिंतीपलीकडे देवपुजारी मास्तर राहायचे.
मे महिना, वीज गेलेली, वाळ्याचा पडदा अर्धा सुकलेला,
आणि ऐन बाराला, बनियनवर,
मास्तर सारंग गात बसलेले.
वडील म्हणायचे, हा ऐकायचा नसतो रे, अंगावर घ्यायचा असतो.
मी तेव्हा पंख्याकडे बघत होतो.

इथे सारंग नव्हता. चाल निराळी,
मधेच चौघं मिळून असं एक वळण घेत
की मी मागेच राहायचो.
पण मानेमागे, कॉलरच्या आत,
तेच ओलं गवत हललं.

पाच फूट. सहा.
पाओनं पाय वर घेतले.
मी हसलो नाही. माझे बूट
मी केव्हाच काढून बाजूला ठेवले होते.

शेवटी एक जागा आली जिथे गज थांबले
आणि आवाज थांबला नाही.
चारी भिंतींनी तो धरून ठेवला थोडा वेळ,
काठोकाठ, हेलकावत.
नंतरच्या टाळ्या फार कोरड्या वाटल्या.

खुर्च्या उचलायला मी खाली गेलो.
अराक्सीनं काही न बोलता चेलो माझ्या हातात दिला
आणि चढावर माझा दंड धरला.
हात गार होता. घामानं असेल.
अर्ध्यात थांबून, मागे न बघता म्हणाली,
डावीकडच्या कोपऱ्यात भेग आहे, तिथे सूर गळतो.
पाणी सोडायच्या आधी बुजवून घे.

मी ते किराणाच्या पावतीमागे लिहून घेतलं.

वर, काठावर, पाओ
मान एका बाजूला झुकवून
एका पायावर उड्या मारत होता,
कानातलं पाणी काढत.