सोनमोहराचं बी

घे सौजन्या, ओंजळ पुढं कर.
तांब्याच्या रंगाच्या शेंगा आहेत, चपट्या,
एकेकीत दोन-तीन बिया.
तशाच मातीत टाकल्यास तर बसशील वाट बघत.
कवच फार चिवट यांचं.
दगडावर एका कडेला घास,
मग कढत पाणी ओत
आणि रात्रभर विसरून जा.
सकाळी जी फुगली ती लाव,
नाही फुगली तिला परत घास.
मला कुणी सांगितलं नव्हतं हे.
पहिल्या अकरा वाया गेल्या.

कुंभारीच्या या घरकुलात आलो तेव्हा
सावली म्हणजे विजेच्या खांबाची, पट्टीएवढी.
मांडीवर सूप घेऊन आम्ही चौघी बायका
तिच्यामागं सरकत जायचो
हजार विड्या भरेस्तोवर,
भिंतीपासून पार रस्त्यापर्यंत.

भिंतीपासून दहा फूट सोड.
यादगिरी म्हणायचा, दाराशीच लाव.
माग बंद पडल्यापासून
त्याला सगळंच दाराशी हवं असायचं.
ऐकलं असतं तर आज ओटा उचलला असता मुळांनी.

पाणी पाचव्या दिवशी, ते तुला ठाऊकच.
बुडाशी फुटकं मडकं पूर,
तांदूळ धुतलेलं त्यात ओत. साबणाचं नको.
एप्रिलात हा इथं उभा राहून विचारायचा,
"काय करलालीस? माणसांना नाही, अन् झाडाला?"
मी माझा तांब्या अर्धा करायला शिकले.

विडीच्या पानाची कातरण बुंध्याशी पसर, जाड.
मावा पडला तर तंबाखूची भुकटी भिजवून शिंपड.
एवढी वर्षं छातीत गेली ती,
कामाला आली ती तिथंच.

पाचव्या उन्हाळ्यात कळ्या,
गंजलेल्या मखमलीच्या.
मग एका सकाळी अंगणभर पिवळं.
त्या दिवशी कारखान्यातल्या चेकरनं
माझा कट्टा सोडला तर आत पाकळी.
पंचवीस विड्या छाटल्या मेल्यानं.
छाटू दे.
पाकळी त्यानं खिशात घातलेली मी पाहिली.

तारेला लागतं म्हणून बोर्डाची माणसं येतील,
कुऱ्हाड लावू देऊ नकोस.
करवतीनं, सांध्यापाशी, तिरकं काप म्हणावं,
आणि जखमेवर लगेच गेरू.
माझं एका बाजूनंच कापलं त्यांनी,
म्हणून ते असं कलून उभं आहे,
आम्ही सरकायचो त्याच बाजूला.

तुझ्या गल्लीत खांब कुठल्या अंगाला आहे?
आधी ते बघून ये.
मग बी भिजव.