तिसरा रकाना

वेरूळच्या गाइडांना फ्रेंच शिकवतात लतीफसर,
खुलताबादेत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत.
पंख्याला रेग्युलेटर नाही.
वहीला तीन रकाने: इंग्रजी, फ्रेंच, आपलं.

रीझन. रेझों. कारण.
हे सोपं गेलं.
रीझनेबल. रेझोनाब्ल. आपल्या रकान्यात
गणपत दाभाडेनं लिहिलं, ‘स्वस्त’.
हिमरू शालींच्या दुकानात कमिशनवर असतो तो,
त्याला तेवढंच ठाऊक.
सर हसले, खोडू दिलं नाही.

मग रेझँ. फरक एवढासा, नाकातला.
म्हणजे द्राक्ष.
इंग्रजांकडे पोचेस्तोवर त्याचा बेदाणा झाला;
मधल्या खाडीत वाळलं असेल,
नाहीतर आपल्यासारखंच
पडून राहिलं असेल उन्हात, कुणी उचललं नाही म्हणून.

आता लिहा: त्यू आ रेझों.
मी शब्दाला शब्द लावला,
तुझ्यापाशी कारण आहे.
सरांनी लाल पेन उचललं.
चूक. ‘तुझं बरोबर आहे.’
त्यांच्यात ज्याच्यापाशी कारण, तोच बरोबर.

खाली कुठल्यातरी चाकातली हवा सोडली.

सुलभा अंबाजोगाईला नर्सिंगला निघाली तेव्हा
आमच्या ओसरीवर बैठक बसली होती.
सगळे विचारायले, कारण काय, कारण सांग.
तिनं सांगितलं. नीट, एकेक करून.
मी मान डोलावली. म्हणलो,
तुझ्याकडे कारण आहे गं, मान्य,
पण

त्या ‘पण’नंतर काय बोलणार होतो
आता आठवत नाही.
सहा वर्षं झाली.

सोळा नंबरच्या लेण्यासमोर पाहुणे विचारतात,
कळसापासून खाली का कोरत आणलं?
मी तीन कारणं देतो, दोन भाषांत.
त्यातलं एक माझंच, बनवलेलं.
टिप त्यालाच मिळते.

रात्री फोन लावला.
कामून केला?
उगंच, म्हणलो.
(वहीत बघितलं. ‘उगंच’समोर दोन्हीकडे कोरं.)
ड्यूटी आहे, ठेवते.
त्यू आ रेझों, म्हणलो मी घाईघाईत.
काय?
परत म्हणलो. आता नाकातून, सर सांगतात तसं.
ही कुठली भाषा काढलीस?

तेवढ्यात तिला हाक आली, सिस्टर, सलाइन संपली.
फोन ठेवला नाही तिनं, कुठंतरी टेकवला असेल.
मी ऐकत राहिलो
तिच्या चपलांचा आवाज, लांब जाणारा,
आणि मग, बऱ्याच वेळानं,
जवळ येणारा.