गोल शिक्का

सदरच्या मागल्या गल्लीत आमचं दुकान, सहा बाय सात.
डिसेंबर लागला की धंद्याला जोर येतो:
मुंबईहून सरकार येतं, फायलींचे ट्रक येतात,
आणि दरवर्षी कोणाचा तरी शिक्का तिकडेच राहतो.

अवर सचिव. उपसचिव. कक्ष अधिकारी.
मी सगळ्यांना उलटं वाचलं आहे.
रबरावर हुकूम उजवीकडून डावीकडे चालतो,
कागदावर पडला की सरळ दिसतो.

आजोबा पितळेत कोरायचे.
त्यांच्या डब्यात अजून पडल्या आहेत
मध्यप्रांत-वऱ्हाडच्या दोन मोहरा.
प्रांत गेला, राजधानी गेली.
माझी मुलगी लहानपणी त्या कणकेवर उठवायची
आणि म्हणायची, पोळी मंजूर.

दुकानाचा नियम एकच, बापानं घालून दिलेला:
गोल शिक्का हवा तर पत्र आणा.
पत्रावर शिक्का पाहिजे.
तो शिक्का कोणी केला?
मीच.
चाळीस वर्षांत यात मला काही वावगं दिसलं नाही.

परवा मोर्चा टी-पॉइंटला अडला होता.
सगळीकडे बॅरिकेड, गल्ली ओस,
समोरचा तर्री-पोह्यावालाही गाडी झाकून गेलेला.
तेव्हा ती आली. पारशिवनीकडची, सुगरता कोडापे.
"सरपंचाचा शिक्का पायजे."
पत्र?
"पत्रावर माराले शिक्काच लागते ना भाऊ,
अन् शिक्का माह्या नवऱ्याच्या खिशात रायते.
निवडून मी आली. तीन वर्सं झाले,
ग्रामसेवक त्यालेच नमस्कार करते."

मी म्हटलं, नियम आहे, बाई.

तिनं शिदोरीच्या पिशवीतून
वहीची सात पानं काढली, खळीनं जोडलेली.
ग्रामसभेचा ठराव, दोन ओळींचा,
आणि खाली सह्या, अंगठे,
अंगठे, मधेच एक सही, पुन्हा अंगठे.
"हे चालन का?"

सवयीनं भिंग लावलं.
एका अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण आडवी.
एक इतका झिजलेला की रेघच उरली नव्हती,
नुसता जांभळा डाग, पण जोर लावून उमटवलेला.
एकशे चौदा मोजले.
यातला एकही मी केलेला नव्हता.

मशीन सुरू केलं. रबर जळल्याचा वास आला.
पैसे तिनं सुटे मोजून दिले,
घासाघीस केली, वीस रुपये कमीही करून घेतले.
पहिला शिक्का स्वतःच्या तळहातावर मारला,
ओठ हलवत वाचला, मूठ मिटली,
आणि गेली. मोर्च्याकडे नाही, बसस्टँडकडे.

जुना शिक्का नवऱ्याच्या खिशात असेलच अजून.
म्हणजे त्या गावात आता दोन.
खरा कोणता, हे मला विचारू नका.
पहिल्याच्या वेळी माझ्यासमोर रीतसर पत्र होतं.
अक्षर तेच, माप तेच,
दोन्ही माझ्याच हातचे.