उतरती बोली

डोसिंदाच्या डोळ्यांवर साबेला तो काळा डबा चढवते,
मागचा पट्टा आवळते, अडकलेले केस हळूच सोडवते,
आणि माझी बायको निघून जाते पाव आणायला.

मी इथंच. इस्पितळाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर तिची पर्स.
मला दिसते ती भिंतीकडे बघून हसताना,
हवेतून नसलेली नाणी वेचताना,
डाव्या हातानं. उजवा अजून रुसलेला.
साबेलाच्या पडद्यावर मात्र अख्खी बेकरी आहे:
पिवळा उजेड, फळीवर गोल पाव,
काउंटरमागं एक मिशीवाला,
ज्याच्या मिशा ओठांपेक्षा अर्धा क्षण उशिरा हलतात.

“काय देऊ, बाई?”

“छत्री,” डोसिंदा म्हणते.
मान हलवते. ते नाही.
“छ... होडी. नाही, नाही.”
मग एक शिवी, अस्सल, धक्क्यावरची,
जिचं एकही अक्षर तुटलेलं नाही.

शिव्या शाबूत आहेत. रात्रीची प्रार्थना शाबूत आहे.
आणि आकडे, पण फक्त उतरते.
एकतीस वर्षं ती बुरेलाच्या मासळी-लिलावात उभी होती.
तिथं बोली चढत नाही, उतरते:
साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न,
बर्फातल्या बांगड्यांवरून तिचा आवाज घसरत यायचा
आणि कुणीतरी “माझं!” म्हणेपर्यंत थांबायचा नाही.
जो आधी तोंड उघडेल, माल त्याचा.

मार्चमधल्या एका पहाटे ती त्रेचाळिसावर थांबली.
कुणीच बोललं नव्हतं.
बेचाळीस तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून गेला.

आता नातीचं वय सांगायचं तरी
साठापासून निघावं लागतं, नवापर्यंत उतरत.
नात बोटं मोडत ऐकते. पोर शहाणी आहे,
मध्ये बोलत नाही.

मी बोलायचो.
तिच्या ओठांवर नुसता “प” जुळला
की पाव, पाणी, पैसे, पडदा
सगळं धडाधड तिच्या पुढ्यात.
शेजारी म्हणायचे, किती करतो बायकोचं.
मी तिचा माल पडत्या भावात उचलत होतो.

तो मिशीवाला थांबतो.
दर सहा सेकंदांनी त्याची पापणी लवते.
त्याच्यामागं भट्टी करपत नाही, त्याचा गुडघा ठणकत नाही,
त्याचं तिच्यावर प्रेम नाही;
म्हणूनच असेल, त्याला थांबणं जमतं.

एकदा साबेला कॉफी आणायला वळली
तेव्हा म्हटलं, मला घाल ते.
“काय देऊ, बाई?” त्यानं मलाही बाईच म्हटलं.
मी गप्प राहिलो.
तो बघत राहिला.
कुठंतरी आत एक तबक ठेवल्याचा आवाज,
पुन्हा तोच आवाज,
पापणी, आणि पापणी.
इतका वेळ माझ्यासाठी कुणी थांबल्याचं
मला आठवेना.
डबा काढला तेव्हा कडा ओल्या होत्या.
साबेलानं त्या पुसल्या, जशा रोज पुसते तशा.

शनिवारी आम्ही ओतिलियाच्या दुकानात.
खरं दुकान, मागं सात माणसं,
एकाच्या छत्रीचं पाणी माझ्या बुटात.
ओतिलियाचा हात नेहमीच्या पावाकडे निघालाच होता,
मी तिला डोळ्यांनी अडवलं.
जीभ दाताखाली धरली. पापण्या मोजल्या, माझ्याच.

“दहा,” डोसिंदा म्हणाली.
कुणीतरी खाकरलं.
“नऊ. आठ.”
रांगेतल्या अर्ध्या माणसांनी तिच्याकडून मासळी घेतली होती;
तो सूर त्यांच्या अंगात होता.
जाळीवाला मानोलो ताठ झाला, टोपी काढली,
आणि त्यानंही तोंड उघडलं नाही.
“चार.
तीन.”
मोठा थांबा. बाहेर ट्रक मागं घेताना पी-पी करत होता.
“पाव.”

ओतिलियानं तोच उचलला, नेहमीचा.
“तो नाही,” डोसिंदा म्हणाली,
आणि डाव्या हाताचं बोट वरच्या फळीवर नेलं, अगदी कडेला.
“कर... करप... करपलेला.”

आठ महिने मी घरी मऊ पाव आणत होतो.