प्रदर्शन भवन, मेलबर्न

नर्स तिलिनी म्हणाली, बाही वर करा, कोस्तुलासबाई.
मी वर पाहिलं. तोच घुमट.
साधारण याच फळ्यांवर, चौऱ्याहत्तर साली,
रसायनशास्त्राचा कोरा पेपर देऊन
तीन तास मी वर बघत बसले होते.

त्याआधी बाबा जहाजातून उतरून
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपले, चार महिने.
सांगायचे, रात्री हॉलमधून खोकल्याचा आवाज यायचा,
दिवा लावला की कुणीच नाही.
फ्लूच्या खाटा निघून तर
तीस वर्षं झालेली.

झालं, म्हणाली तिलिनी.
पंधरा मिनिटं बसा, चक्कर आली तर सांगा.
लसीकरण आटोपलं की इथे म्हणे फुलांचं प्रदर्शन.

बसले. वर बघत.
चक्कर आली नाही.
या खेपेला पास.